जनपद गेलं, पदं राहिली

माझ्या माहेरच्या घरी एक लोखंडी पेटी होती. आबाजी गेले, मग बाबा गेले, भावांनी वाटणी केली आणि कुणालाच नको म्हणून ती पेटी माझ्याकडे आली. तिच्यात सरकीच्या पावत्या होत्या, लग्नातल्या आहेराची वही होती, एक तुटकी दौत होती. तळाशी एक पिवळा पडलेला चिटोरा निघाला. कोंडवाड्याची पावती. आबाजींचा गोऱ्हा कुणाच्या तरी तुरीत शिरला होता, त्यानं धरून कोंडवाड्यात घातला आणि आबाजींनी काही आणे भरून तो सोडवून आणला, एवढाच त्या कागदाचा इतिहास. पण खाली गोल शिक्का होता. शाई विटली होती तरी अक्षरं लागत होती : जनपद सभा, वर्धा.

नातू सुटीत आला होता. त्यानं पावती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "आजी, हे जनपद सभा म्हणजे काय गं? एखादं मंडळ होतं का?"

मी म्हटलं, "मंडळ नाही रे. सरकार होतं. आपल्या तहसिलीचं."

"पण आम्हाला तर शिकवलं की महाराष्ट्रात पंचायत राज 1 मे 1962 ला आलं."

त्याचं खोटं नव्हतं. तीन स्तरांचं पंचायत राज त्या दिवशीच आलं. पण ते आलं तेव्हा इथं मोकळं पटांगण नव्हतं. इथं एक चालतं घर होतं. ते पाडून नवं बांधलं. पाडलं ते बरोबर की चूक, हा नंतरचा वाद. पण पाडलेल्या घराचं नावही पोराबाळांना सांगायचं नाही, ही कोणती रीत? दर एक मेला भाषणं होतात, फेटे बांधले जातात, यशवंतराव आणि वसंतराव नाईकांची नावं घेतली जातात. घ्यावीत, ती माणसं मोठीच होती. पण वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीन जनपद सभांचं नाव त्या भाषणांत मी या वयापर्यंत एकदाही ऐकलेलं नाही. माझं भांडण तिथून सुरू होतं.

आधी थोडी उजळणी करते, कारण तरुण वाचकांना हे माहीत असण्याचं कारण नाही. आपला जिल्हा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. वर्धा शहर तर त्याहून लहान. पालकवाडी नावाच्या खेड्यावर इंग्रजांनी ते वसवलं. 1883 मध्ये मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिल, लोकल बोर्ड असा कारभार सुरू झाला. मतदार थोडे, पैसा त्याहून थोडा. स्वातंत्र्य आलं आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं 1948 मध्ये नवा कायदा केला. त्या मागं डोकं होतं पंडित द्वारकाप्रसाद मिश्रांचं. माणूस राजकारणी आणि कवीही; 'कृष्णायन' हे महाकाव्य त्यांचंच. त्यांनी जिल्हा कौन्सिल मोडून तहसील हा घटक धरला आणि त्याला जुनं संस्कृत नाव दिलं, जनपद. एका तहसिलीला एक सभा. तेव्हा आपल्या जिल्ह्यात तीनच तहसिली होत्या, आज आठ आहेत. म्हणून जनपद सभाही तीनच.

या कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांच्यासाठी मी आज लिहायला बसले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सत्ता तहसिलीला होती. शाळा, दवाखाने, कच्चे रस्ते, विहिरी, आठवडी बाजार, कोंडवाडे हे सगळं जनपदाकडं. जमीन महसुलावरच्या उपकरातून पैसा यायचा. आमच्या गावाहून माणूस सकाळी भाकर बांधून निघाला की दुपारी सभापतीपुढं उभा राहू शकत होता आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊ शकत होता. बैलगाडीच्या काळात ही लहान गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. जनपदात खेडंही होतं आणि शहरही होतं. सभेत ग्रामीण भागाचे सदस्य यायचे तसे नगरपालिकेच्या हद्दीतलेही यायचे. म्हणजे वर्ध्याचा आडत्या आणि माझ्या आबाजींसारखा कापूस उत्पादक एकाच छताखाली प्रतिनिधी पाठवत होते. शहराला भाजी, दूध, कापूस, मजूर खेड्यानं पुरवायचे आणि खेड्याला बाजार, दवाखाना, शाळा शहरानं, हे तर रोजचंच होतं. पण त्या रोजच्या व्यवहाराला एक कायदेशीर बैठक होती. आज ती नाही.

माझे बाबा जनपदाच्या शाळेत मास्तर होते. आमच्याकडं शाळेला 'जनपदाची शाळा' असंच म्हणत. कौलारू दोन खोल्या, शेणानं सारवलेली जमीन, दाराशी कडुनिंब. मी त्याच शाळेत शिकले. बाबांसमोर मला 'गुरुजी' म्हणावं लागे आणि घरी आल्यावर 'बाबा'. वर्ग सुटला की बाबा फाटकाशी थांबत आणि गावातले लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत. विहिरीला कठडा पाहिजे, पांदणीत मुरूम टाका, कोंडवाड्याचं छप्पर उडालं. सगळ्या अर्जांचा मायना एकच : "मा. सभापती साहेब, जनपद सभा, यांचे सेवेशी." याच वर्षांत तिकडं मोझरीला तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' तयार होत होती, 1955 मध्ये ती आली आणि आमच्या गावात एकदमच तीन प्रती आल्या. गाव कसं चालावं याची चर्चा पारावर, देवळात, शाळेत होत होती. लोकांना तो आपला विषय वाटत होता.

मग नकाशे बदलले. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. आता एका राज्यात तीन तऱ्हा झाल्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डं, मराठवाड्यात हैदराबादच्या कायद्याची जिल्हा बोर्डं आणि आमच्याकडं जनपद सभा. तीन भावांच्या तीन चुली. त्या एक करायच्या म्हणून जून 1960 मध्ये वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च 1961 मध्ये अहवाल आला, 226 शिफारशी होत्या. डिसेंबरात कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

त्या वर्षी शाळा उघडल्यावर एक पेंटर सायकलवर आला. मी अकरा वर्षांची असेन. त्यानं पत्र्याच्या पाटीवरचं 'जनपद सभा' खरवडलं, वर पांढरा रंग मारला आणि दुसऱ्या दिवशी 'जिल्हा परिषद' लिहिलं. बाबा कडुनिंबाखाली उभे राहून पाहत होते. एका शेतकऱ्यानं विचारलं, "गुरुजी, आता अर्ज कोनाले ल्यायचा?" बाबा म्हणाले, "अध्यक्षाले. वर्ध्यालेच हाय, पन आता तो साऱ्या जिल्ह्याचा हाय." तो शेतकरी म्हणाला, "म्हंजे आपला नंबर मांगं गेला."

पारावरच्या त्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते समजायला मला पुढं तीस-पस्तीस वर्षं लागली.

1957 साली बलवंतराय मेहता समितीनं केंद्र सरकारला सांगितलं होतं की खरी ताकद गट पातळीवर द्या, म्हणजे साधारण तहसिलीच्या आकाराच्या घटकाला; जिल्ह्यानं देखरेख करावी. जनपद सभा हे काम नऊ वर्षं आधीपासून करत होती. महाराष्ट्रानं मात्र उलटं ठरवलं. ताकद जिल्ह्याला, गटाला पंचायत समिती. ती जिल्हा परिषदेचा हात. डोकं जिल्ह्यात, हात तहसिलीत. नाईक समितीची कारणं होती आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. जिल्हा मोठा, तिथं चांगले अधिकारी मिळतील, पैसा एकत्र येईल, कलेक्टरच्या तोडीची संस्था उभी राहील. पुष्कळसं झालंही. खेड्यापाड्यांत शाळा पोचल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, बाबांसारख्या मास्तरांच्या नोकरीला स्थैर्य आलं. ते नाकारणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं.

पण त्याच कायद्यानं एक रेघ ओढली. जिल्हा परिषद फक्त ग्रामीण भागाची. नगरपालिकेची हद्द तिच्यातून वजा. शहराचा मतदार जिल्हा परिषदेला मत देत नाही, खेड्याचा नगरपालिकेला देत नाही. दोघांचं एकत्र बसायचं घर मोडलं. ही रेघ 1962 मध्ये ज्या शेतांतून गेली, तिथं तेव्हा फक्त ज्वारी आणि कापूस होता, म्हणून कुणाला ती दिसली नाही. आज त्याच शेतांत माणसं राहतात.

आता माझ्या सासरची गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही एका गावाची गोष्ट नाही. वर्ध्याला खेटून जी गावं आहेत, सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, उमरी मेघे, नालवाडी, म्हसाळा, त्या पट्ट्यातल्या माणसाला ती आपलीच वाटेल. 1970 साली मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या मागच्या दारातून कापसाची वावरं दिसत. सासूबाई म्हणायच्या, "बाजाराले जायचं तं गावाले जाऊन येतो म्हन्तो आमी." म्हणजे आपलं ते घर आणि वर्धा ते गाव. दहा-पंधरा वर्षांत वावरांत चुन्याच्या रेघा पडल्या. लेआऊट आले. प्लॉट आले. नोकरदार माणसं शहरात जागा महाग म्हणून आमच्याकडं राहायला आली. त्यांची नोकरी शहरात, पोरांची शाळा शहरात, मत मात्र ग्रामपंचायतीला आणि घराचा उतारा नमुना आठ. जनगणनेवाले सांगतात की पाच हजारांवर वस्ती, दाट घरं आणि शंभरातले पंचाहत्तर कामकरी पुरुष शेतीबाहेर असले की ते शहर. अशा गावांना ते 'जनगणना शहर' म्हणतात. कायद्यानं मात्र ते खेडंच राहतं. मोजताना शहर आणि देताना खेडं.

1997 मध्ये बायकांच्या एक तृतीयांश जागांतून मी पंचायतीत निवडून गेले. मास्तराची पोर, लिहिता-वाचता येतं, भांडता येतं, एवढंच भांडवल होतं. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या वस्तीतली एक काकू पहाटे दारात येऊन उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिच्या घरात रात्री नालीचं पाणी शिरलं होतं. कणगीतली ज्वारी भिजली, चूल विझली, म्हातारा खाटेवर बसून रात्रभर पाणी उपसत होता. मी जाऊन पाहिलं. वरच्या अंगाला शहराच्या हद्दीत सिमेंटची नाली झाली होती. चांगली, रुंद, पक्की. ती हद्दीच्या दगडापाशी येऊन थांबली होती. जणू कुणी सुरीनं कापली. पलीकडं आमची हद्द, तिथं काहीच नाही. सगळं पाणी काकूच्या दारात.

मी अर्ज घेऊन निघाले. एका कचेरीत म्हणाले, "मॅडम, आमचं काम आमच्या हद्दीपुरतं. पुढचं तुमच्या पंचायतीनं करायचं." आमच्याच बैठकीत सदस्य म्हणाले, "पानी शयराचं, पैसा आपून काउन लावाचा?" दुसऱ्या कचेरीत सांगितलं की रस्ता आमच्याकडं वर्ग झालेला नाही, आधी तो वर्ग करून आणा. तिसऱ्या कचेरीत साहेब चांगला होता, त्यानं चहा पाजला आणि सांगितलं की अशा कामाला शीर्षच नाही. खेड्याच्या शीर्षात बसत नाही, शहराच्या शीर्षात बसत नाही. दोन हद्दींच्या मधल्या कामाला पैसा कोणत्या खात्यातून काढायचा हे त्याच्या पुस्तकातच नव्हतं.

मी परत आले आणि काकूला हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, पान्याले हद्द समजते का वं?"

शेवटी आम्ही वर्गणी केली. लेआऊटमधल्या लोकांनी थोडे पैसे दिले, खालच्या वस्तीनं खोदकाम केलं, सिमेंटचे पाइप टाकले. तिसऱ्या वर्षी काम झालं. ती नाली आजही मोठ्या पावसात तुंबते, कारण वरची वस्ती चौपट झाली आणि पाइप तेवढेच आहेत. काकू आता नाही. तिची सून पावसाळा लागला की दाराला विटांचा उंबरा बांधते आणि दिवाळीला काढते.

या एका नालीसाठी मी जनपद सभेचं तुणतुणं वाजवते आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. स्थानिक स्वराज्य म्हणजे शेवटी नालीच असते. ज्या सभेत वरच्या वस्तीचा सदस्य आणि खालच्या वस्तीचा सदस्य समोरासमोर बसतात आणि दोघांच्या पैशाची थैली एक असते, तिथं ही नाली हद्दीच्या दगडापाशी थांबली नसती. थांबवायची म्हटलं असतं तर थांबवणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहून तसं सांगावं लागलं असतं. मी तीन कचेऱ्या हिंडले, पण ज्याच्याशी भांडावं असा माणूस मला एकही भेटला नाही. प्रत्येकाची हद्द बरोबर होती.

आता उलट बाजू. माझ्या या म्हणण्यावर शिकलेले लोक तीन आक्षेप घेतात आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला : जनपद सभा काय धुतल्या तांदळाची होती? नव्हती. मालगुजारी 1951 मध्ये कायद्यानं गेली, पण मालगुजाराच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायची सवय लगेच गेली नाही. सभेत बसणारे बहुतेक तालेवार घरचेच. आबाजींनी कधी उभं राहायचा विचारही केला नाही. बायका तर नावालाही नाहीत. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच 1948 च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत बजावलं होतं की खेडं म्हणजे कोतेपणाचं आणि अज्ञानाचं घर, त्याचे गोडवे गाऊ नका. ते आमच्या गावालाही लागू होतं. जनपदानं बांधलेल्या विहिरीवर कोणी पाणी भरायचं आणि कोणी दूर उभं राहायचं, हे जनपद ठरवत नव्हतं, गाव ठरवत होतं. एक तृतीयांश आणि पुढं निम्म्या जागा बायकांना, दलित-आदिवासींना हक्काच्या जागा, हे नव्या व्यवस्थेनंच दिलं. मी स्वतः त्याच दारातून आत गेले. ते दार मला बंद करायचं नाही.

दुसरा : जनपदाचा मुख्य अधिकारी महसूल खात्यातला सरकारी माणूस असायचा, मग ते कसलं लोकांचं राज्य? बरोबर. मिश्रांच्या योजनेवर तेव्हाही हीच टीका झाली. पण जरा आजूबाजूला पाहा. 2022 नंतर महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिका वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. घटनेत स्पष्ट लिहिलं आहे की मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, कोर्टाच्या तारखा, कारणं कुणी काहीही सांगो. सदस्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि कारभार अधिकाऱ्यानं एकट्यानं केला. जनपदात अधिकारी होता, पण त्याच्यासमोर सभा तरी होती. जनपदाला नावं ठेवणाऱ्यांनी हे पाहून तोंडातून एक शब्द काढला का?

तिसरा आक्षेप जास्त गंभीर : शहराभोवतीची गावं सरळ नगरपालिकेत विलीन करा, प्रश्न मिटला. हे कागदावर सोपं दिसतं. आमच्या पट्ट्यात ही चर्चा अधूनमधून उठते आणि दर वेळी गावात दोन तट पडतात. लेआऊटवाल्यांना शहर हवं, कारण नळ आणि दिवे येतील अशी आशा. जुन्या गावाला नको, कारण घरटॅक्स वाढेल, रोजगार हमीचं काम जाईल, आणि ग्रामसभा जाईल. शेवटचं कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही पण तेच खरं. ग्रामसभेत माझी ती काकू उभी राहून सरपंचाला चार शब्द सुनावू शकत होती. नगरपालिकेत तिला कोण उभं करणार? दहाएक वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात सेलू, समुद्रपूर, आष्टी, कारंजा या तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती संपल्या आणि नगरपंचायती झाल्या. ते चुकलं असं मी म्हणत नाही. पण तिथल्या जुन्या माणसांना विचारा, ग्रामपंचायत संपली त्या दिवशी तुमच्या ग्रामसभेचं काय झालं? तिची जुनी वहीबुकं कुठं गेली? संस्था संपवण्याचा आदेश एका कागदावर निघतो आणि तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेले निर्णय गोण्यांत भरले जातात.

म्हणून मला विलीनही नको आणि आहे तेही नको. मला दोघांचं मिळून बसायचं घर पाहिजे. हे मी स्वप्नातलं मागत नाही. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनं, म्हणजे 1993 पासून, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे. खेड्यांचे आणि शहरांचे आराखडे तिथं एकत्र यावेत, समितीचे पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत, असं तिथं लिहिलं आहे. कागदावर जनपदाचीच कल्पना, मोठी करून. प्रत्यक्षात तिच्या मधोमध पालकमंत्री बसतात, निधीचं वाटप होतं, फोटो निघतो. आणि जिल्हा परिषदा, नगरपालिका प्रशासकाकडं असल्या की तिथं जाणारे निवडून आलेले सदस्य आणायचे कुठून? घर आहे, पण राहणारी माणसं नाहीत. शिवाय ते घर पुन्हा जिल्ह्यालाच. काकूच्या नालीपासून ते फार दूर पडतं.

ज्या जिल्ह्यात गांधीजी 1936 मध्ये शेगावला येऊन राहिले आणि त्या खेड्याचं सेवाग्राम झालं, ज्या मगनवाडीत कुमारप्पांनी खेड्याच्या अर्थकारणाचा हिशोब मांडला, ज्या वर्ध्यात राहून श्रीमन्नारायण अग्रवालांनी 1946 मध्ये गांधीविचारावर आधारलेल्या राज्यघटनेचा आराखडा लिहिला, त्या जिल्ह्यात शहराला लागून असलेल्या गावाच्या नालीला शीर्ष नाही. देशविदेशातून लोक बापूकुटी पाहायला येतात आणि खेडं किती शांत म्हणून परत जातात. त्यांना कुणीतरी हद्दीचा तो दगडही दाखवावा.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाला पांढुर्ण्याला गेले होते. वरूड सोडून राज्याची सीमा ओलांडली. भाषा तीच, लुगडी तीच, संत्र्यांचे ट्रक तेच. रस्त्यात एका इमारतीवर मोठा फलक दिसला आणि मी गाडी थांबवायला लावली. 'जनपद पंचायत'. मध्य प्रदेशानं आपल्या मधल्या स्तराचं नाव अजून जनपद ठेवलं आहे, छत्तीसगडनंही. तिथला कारभार सोन्याचा आहे असं नाही. लग्नातले पाहुणे जेवताना त्यालाही शिव्याच देत होते. पण शिव्या द्यायला नाव तरी होतं. शाळेतला पोरगा तिथं आजीला विचारत नाही की जनपद म्हणजे एखादं मंडळ होतं का.

छिंदवाड्याच्या जनपद सभेनं कोळशावर कर बसवला आणि खाणवाल्या कंपन्यांशी सुप्रीम कोर्टापर्यंत खटले लढवले. शेवटी निकाल खाणवाल्यांच्या बाजूनं गेला, पण एका तहसिलीची सभा एवढ्या मोठ्यांशी भांडायला उभी राहिली. आमच्याकडं कोळसा नव्हता, कापूस होता. कापसाच्या जिवावर ही शहरं उभी राहिली, जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्या वावरातून तो कापूस आला त्यांना शहराच्या सभेत आज खुर्ची नाही.

तेव्हा माझं मागणं तीन गोष्टींचं आहे, आणि ते मी कुणा एका पक्षाला सांगत नाही. शहर आणि त्याला खेटलेल्या गावांची एक संयुक्त सभा कायद्यानं करा. निवडून आलेल्या माणसांची, आणि नाली, पाणी, कचरा, रस्ता एवढ्यापुरती का होईना, तिची थैली स्वतःची असू द्या. पाणी तर आजही एकत्र योजनेतून अनेक गावांना जातंच. नळाला हद्द अडवत नसेल तर नालीला का अडवावी? दुसरं, कोणतीही ग्रामपंचायत संपवण्याआधी तिच्या ग्रामसभेला विचारा, नुसती हरकत नोंदवायला तारीख देऊन मोकळे होऊ नका. आणि तिसरं, मुदत संपलेल्या संस्थेत प्रशासक बसला की त्याचे दिवस मोजा आणि मोठ्यानं मोजा. आम्ही बायका पंचायतीत आलो तेव्हा आम्हाला विचारत होते, तुमचा नवरा कारभार पाहणार का? आता मी विचारते, तुमचा कारभार कोण पाहतो आहे?

एक विनंती वाचकांनाही आहे. तुमच्या घरी आजोबांची पेटी असेल. तिच्यात जनपदाच्या शिक्क्याची पावती असेल, शाळेचा दाखला असेल, कुण्या मास्तराचा बदलीचा कागद असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला देऊ नका. पोरांना दाखवा, त्यावरचा शिक्का वाचायला लावा.

माझ्या नातवानं त्या कोंडवाड्याच्या पावतीचा फोटो काढून घेतला. पुण्याला गेल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, "आजी, मित्रांना दाखवला. एकानं विचारलं, मग गोऱ्ह्यानं कुणाची तूर खाल्ली होती?" मला ते माहीत नाही. आबाजींना ठाऊक होतं. मी त्यांना तेव्हा विचारलं नाही.